पोलिसी श्वानाचा प्रवास आणि त्याचे नियम

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आमच्या शाळेच्या फाटकापाशीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रमुख पाहुणे मोठे सरकारी अधिकारी असल्यामुळें ते येण्यापूर्वीं मंडपाची तपासणी करण्यास पोलिसांचें श्वानपथक आलें होतें. गाडी आंत येऊन निंबाच्या सावलींत उभी राहिली, मागचें दार उघडलें, आणि आंतून एक काळी लॅब्रॅडॉर कुत्री खालीं उतरली. तपासणी होईपर्यंत मंडपांत कोणीं पाऊल ठेवावयाचें नाहीं असा हुकूम होता. त्यामुळें विद्यार्थी, पालक व शिक्षक सर्वच बाहेर उन्हांत ताटकळत उभे होते. आतां काम सुरू होईल असें सर्वांस वाटलें. परंतु बरोबरच्या हवालदारानें एक पसरट भांडें काढलें, त्यांत पाणी ओतून तें कुत्रीस पाजलें, तिला कुंपणाच्या कडेनें सावकाश हिंडवून आणलें, पुन्हां सावलींत बसविलें, आणि स्वतः तिच्या शेजारीं उकिडवा बसून राहिला. असा पाव तास गेला. तेव्हां एक पालक कडेवर लहान मूल घेऊन माझ्याकडे आले आणि कांहींशा रागानें म्हणाले, “सर, कुत्रीला पाणी पाजायचं, फिरवायचं, म्हणून आम्ही उन्हात उभं राहायचं का? हे सगळं आधीच उरकून यायला काय झालं होतं?”

त्यांस देण्यास त्या वेळीं माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं हवालदारास विचारलें तेव्हां तो एवढेंच म्हणाला, “सर, दोन तास गाडीत बसून आलीय. ती धापा टाकतेय तोवर तिचं नाक बंद आहे असं समजा.” हें वाक्य माझ्या मनांत राहिलें. त्याचा अर्थ नीट कळावा म्हणून मीं पुढें जें वाचलें व विचारलें, तें त्या पालकांस आणि तुम्हां विद्यार्थ्यांस सांगावें एवढ्यासाठीं हा लेख आहे.

कुत्र्यास वाहनांत घ्यावें कीं नाहीं, हा वाद आपल्या वाङ्मयांत फार जुना आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराजास स्वर्गास नेण्याकरितां इंद्राचा रथ येतो, आणि रथांत चढण्यास अडचण निघते ती एकच, बरोबरच्या कुत्र्याची. इंद्र म्हणतो, यास जागा नाहीं. धर्मराज म्हणतो, तर मग मीहि येत नाहीं. बायबलच्या तासास बसणाऱ्या मुलांस तोबीताच्या पुस्तकांतील कुत्राहि आठवेल. तरुण तोबिया देवदूताबरोबर लांबच्या प्रवासास निघतो, तेव्हां घरचा कुत्रा मागोमाग निघतो. मात्र तो पायींच जात असल्यामुळें तेथें नियमांचा प्रश्न उद्भवत नाहीं.

हे दोन्ही कुत्रे सोबती होते. आपण ज्याचा विचार करीत आहों तो नोकरींत आहे, आणि त्याच्या नोकरीची सुरुवातच प्रवासानें होते. महाराष्ट्र पोलिसांचे कुत्रे पुण्यास शिवाजीनगर येथें गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रांत शिकतात. लष्कराचे कुत्रे मेरठ येथें, तर सीमा सुरक्षा दलाचे कुत्रे ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथें शिकतात. शिक्षण संपलें कीं ज्याची जेथें नेमणूक होईल तेथें त्यास न्यावयाचें, आणि त्यानंतर रोज कोठें सभा आहे, कोठें बेवारशी पेटी सांपडली आहे, कोठें यात्रा भरली आहे, तेथें तेथें गाडीनें पोहोंचवावयाचें. अशा कुत्र्याचे कामाचे तास मोजले तर प्रत्यक्ष हुंगण्याच्या वेळेपेक्षां गाडींत बसण्याचा वेळच अधिक भरावा.

आतां हवालदाराच्या त्या वाक्याकडे वळूं. कुत्र्याचें नाक हें मोठें विलक्षण इंद्रिय आहे. माणसाच्या नाकांत वास ओळखणाऱ्या सूक्ष्म ग्राहकांची संख्या सुमारें ५० ते ६० लक्ष सांगतात. कुत्र्याच्या नाकांत ती २० कोटींच्या वर जाते. एखादी वस्तु हुंगतांना कुत्रा तोंड मिटून एका सेकंदांत सुमारें पांच वेळां लहान लहान श्वास आंत ओढतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर वासाचे कण नाकाच्या अगदीं मागच्या भागापर्यंत पोहोंचवितो. हें झालें नाकाचें एक काम. परंतु त्याच्या श्वासास दुसरेंहि एक काम आहे. आपणांस उकडलें म्हणजे सर्वांगास घाम येतो, तो वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो, आणि आपणांस थंड वाटतें. कुत्र्याच्या अंगावर दाट लोकरीसारखा केसांचा थर. घामाच्या ग्रंथि म्हणण्यासारख्या पंजांच्या तळव्यांत तेवढ्या. त्यास थंड व्हावयाचें तर जीभ बाहेर काढून, तोंड उघडें ठेवून जलद श्वासोच्छ्वास करावा लागतो. जिभेवरचें व घशांतलें पाणी वाळतें आणि त्याबरोबर उष्णता जाते. यालाच आपण धापा टाकणें म्हणतों.

तोंड उघडून धापा टाकणें आणि तोंड मिटून हुंगणें, हीं दोन्ही कामें एकाच वेळीं होऊं शकत नाहींत. उन्हांतून, बंद गाडींतून, धक्के खात आलेला कुत्रा खालीं उतरतो तेव्हां त्याच्या शरीरापुढें पहिला प्रश्न थंड होण्याचा असतो. तशा स्थितींत त्यास मंडपांत नेलें तर तो आज्ञेप्रमाणें फिरेल, खुर्च्यांखालीं तोंडहि घालील, पाहणाऱ्यास तपासणी झाली असेंच वाटेल. आणि एखादी वस्तु तेथें असलीच तर ती तशीच राहून जाईल. त्या दिवशीं आपण ज्या पाव तासाबद्दल कुरकुर केली, तो पाव तास कुत्रीच्या विश्रांतीसाठीं दिसत होता. वस्तुतः तो आपल्या सर्वांच्या जीवासाठीं होता. कडेवरचें तें मूलहि त्यांत आलें.

नाकावर किती भार असतो, याचें एक उदाहरण मुंबईचेंच आहे. १२ मार्च १९९३ रोजीं त्या शहरांत एकामागून एक स्फोट झाले. त्यानंतरच्या तपासांत झंजीर नांवाच्या पोलिसी लॅब्रॅडॉरनें ३,००० किलोग्रामांहून अधिक आर. डी. एक्स. हें स्फोटक द्रव्य हुडकून काढलें. तो नोव्हेंबर २००० मध्यें मरण पावला तेव्हां त्यास पोलिसांनीं सन्मानानें निरोप दिला. झंजीरचें शिक्षण पुण्याच्या त्या केंद्रांतलेंच. त्याचें नांव अजूनहि पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यास रोज गाडींत चढविणाऱ्या व उतरविणाऱ्या माणसांचीं नांवें कोणाच्या लक्षांत असण्याचें कारण नाहीं. नियम मुख्यतः त्या माणसांसाठींच लिहिलेले असतात.

भारतांत प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीं झाला आणि त्याखालीं १९७८ सालीं प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम करण्यांत आले. त्यांचें दुसरें प्रकरण कुत्र्यां-मांजरांविषयीं आहे. रेल्वे, रस्ता, नदी, समुद्र आणि आकाश या सर्व मार्गांस आणि सर्व जातींच्या कुत्र्यांस तें लागू आहे. त्यांत सरकारी कुत्रा आणि घरचा कुत्रा असा भेद नाहीं. पोलिसांचा असो, लष्कराचा असो, कीं तुमच्या आळींतील एखाद्या शेठजींचा असो, तहान सर्वांस सारखीच लागते, हें त्या नियमकर्त्यांनीं ओळखलें असावें.

पहिली अट प्रमाणपत्राची. कुत्रा प्रवासास योग्य आहे, त्यास सांसर्गिक रोग नाहीं, पिसाळण्याचें कोणतेंहि लक्षण नाहीं, असा पशुवैद्याचा दाखला बरोबर पाहिजे; दाखला नसेल तर वाहतूक करणाऱ्यानें कुत्रा स्वीकारतांच कामा नये. दिवस भरत आलेल्या कुत्रीस प्रवास घडवावयाचा नाहीं. अंगावर पिणारीं पिल्लें आईखेरीज दुसऱ्या मोठ्या कुत्र्यांबरोबर ठेवावयाचीं नाहींत. चावरा कुत्रा एकटाच पिंजऱ्यांत, तोंडास मुसकें बांधून, आणि पिंजऱ्यावर इशाऱ्याची चिठ्ठी लावून न्यावयाचा. पिंजऱ्यावर पाठविणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव, पत्ता व टेलिफोन स्पष्ट लिहावयाचा, घेणाऱ्यास गाडी केव्हां पोहोंचेल तें आगाऊ कळवावयाचें, आणि एकदां स्वीकारलेला कुत्रा पुढच्याच गाडीनें रवाना करावयाचा. गोदामांत अडकवून ठेवावयाचा नाहीं. हे सर्व नियम वाचतांक्षणींच पटणारे आहेत, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाहीं.

खाण्यापिण्याचे नियम मात्र थोडे बारकाईनें पाहण्यासारखे आहेत. निघण्यापूर्वीं निदान दोन तास आधीं त्यास खाऊं घालावें व पाणी पाजावें. उपाशी किंवा तहानलेला कुत्रा पिंजऱ्यांत घालूं नये. पिंजऱ्यांत घालण्यापूर्वीं होतां होईल तितक्या उशिरां त्यास हिंडवून आणावें. वाटेंत उन्हाळ्यांत दर चार तासांनीं आणि हिंवाळ्यांत दर सहा तासांनीं पाणी. मोठ्या कुत्र्यास बारा तासांतून एकदां अन्न, पिल्लांस चार तासांतून एकदां. रेल्वेचा प्रवास सहा तासांहून अधिक असेल तर बरोबर माणूस पाहिजेच, आणि प्रत्येक स्टेशनावर त्यास कुत्र्याजवळ जातां आलें पाहिजे.

आतां वरच्या वर्गांतील मुलांनीं एक हिशेब करून पाहावा. मे महिना आहे. पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडींतून एक मोठा कुत्रा न्यावयाचा आहे, आणि प्रवास चोवीस तासांचा आहे असें धरा. पाण्याच्या वेळा येतात चौथ्या, आठव्या, बाराव्या, सोळाव्या, विसाव्या तासास, आणि सहावी वेळ उतरल्यावर. जेवणें दोन. कागदावर हें सोपें आहे. परंतु गाडी आपल्या हिशेबानें चालत नाहीं. लहान स्टेशनांवर ती दोन मिनिटें थांबते. तेवढ्या वेळांत आपल्या डब्यांतून उतरून गाडीच्या टोकाशीं असलेल्या गार्डाच्या डब्यापर्यंत धावत जाणें, कुलूप काढविणें, कुत्र्यास पाणी पाजणें व परत येणें अशक्य आहे. म्हणून बरोबरच्या माणसास मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झांशी अशीं मोठीं स्टेशनें आणि त्यांवरील थांबे आधीं पाहून ठेवावे लागतात, आणि चौथा तास दोन स्टेशनांमध्यें पडत असेल तर पाणी आधींच्याच स्टेशनावर पाजावें लागतें. नियम ‘दर चार तासांनीं’ एवढेंच सांगतो. त्याचा अर्थ ‘चार तास होण्यापूर्वीं’ असा करावयाचा, हें ज्याच्या हातांत साखळी आहे त्याला समजलें पाहिजे.

येथें पोलिसी कुत्र्याच्या बाबतींत आणखी एक अडचण निघते. अशा कुत्र्यास परक्या माणसाच्या हातचें खाऊं नये असें मुद्दाम शिकविलेलें असतें. नाहींतर एखादा चोर मांसाच्या तुकड्यांतून विष घालून त्यास सहज संपवील. तेव्हां ‘बरोबर माणूस असावा’ एवढ्यानें त्याचें भागत नाहीं. तो माणूस त्याचा स्वतःचाच पाहिजे, ज्यास पथकांत हँडलर म्हणतात तो. हँडलर मागें राहिला आणि कुत्रा दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करून पाठविला, तर अन्न समोर असूनहि तो उपाशी पोहोंचण्याचा संभव आहे. त्यास आपण दोष देऊं शकत नाहीं. तो शिकविलें तेंच करीत असतो.

रस्त्याच्या प्रवासांत सर्वांत मोठा शत्रु म्हणजे उष्णता. कुत्र्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षां थोडी अधिकच. ती ४१ अंशांच्या वर गेली कीं त्याचा जीव धोक्यांत येतो. आणि बंद मोटार ही कांचेची भट्टीच आहे. बाहेर २४ अंशांची सुखद हवा असतां उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत दहा मिनिटांत सुमारें ३४ अंश आणि अर्ध्या तासांत सुमारें ४३ अंश उष्णता होते, असें मोजून पाहिलेलें आहे. कांच दोन बोटें खालीं केल्यानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं. आपल्याकडे नागपूर, अकोला, जळगांव येथें उन्हाळ्यांत बाहेरच ४३-४४ अंश असतात. तेथें मोटारींत काय होत असेल याचा विचार करावा. शिवाय सभोंवतालची हवा कुत्र्याच्या अंगाहून अधिक तापलेली असली म्हणजे धापा टाकण्याचा उपयोगहि झपाट्यानें कमी होतो. अमेरिकेंत सेवेंतील पोलिसी कुत्र्यांच्या मृत्यूंत उष्णता हें एक प्रमुख कारण ठरलें आहे. म्हणून तेथें पुष्कळ पोलिसी गाड्यांत असें यंत्र बसवितात कीं आंतील उष्णता ठराविक मर्यादेपलीकडे गेली म्हणजे कांचा आपोआप खालीं येतात आणि भोंगा वाजूं लागतो. भोंगा कोणासाठीं, हें सांगावयास नको. गाडी बंद करून ‘दोन मिनिटांत आलों’ म्हणून गेलेल्या माणसासाठीं.

याच संदर्भांत एका जगप्रसिद्ध कुत्रीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाहीं, जरी ती पोलिसांत नव्हती. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं रशियानें लायका नांवाची कुत्री यानांत घालून पृथ्वीभोंवतीं फिरावयास पाठविली. ती कित्येक दिवस जगली अशी जगाची समजूत होती. २००२ सालीं उघड झालें कीं यान वर गेल्यावर कांहीं तासांतच ती आंतील उष्णतेनें मेली होती. एवढें मोठें वाहन, एवढे मोठे शास्त्रज्ञ; आणि चूक तीच, जी रस्त्याच्या कडेस उभ्या केलेल्या मोटारींत घडते.

१९७८ च्या नियमांत रस्त्याविषयीं आणखी तीन गोष्टी आहेत. सार्वजनिक वाहनांतून नेतांना पिंजरा टपावर ठेवूं नये, आंतच ठेवावा; गाडी शक्य तों एकसारख्या वेगानें चालवावी, एकदम थांबवूं नये; आणि एक माणूस सतत बरोबर असावा. एकदम न थांबविण्याचें कारण पदार्थविज्ञानाच्या तासास तुम्हीं शिकलांच आहां. गाडी थांबली तरी आंतील पदार्थाची गति कायम राहूं पाहते. आपण अशा वेळीं दांडा धरतों. कुत्र्यास दांडा धरतां येत नाहीं. गुळगुळीत पत्र्यावर त्याच्या नख्या घसरतात आणि तो पिंजऱ्याच्या गजांवर जाऊन आदळतो. म्हणून तळाशीं रबराची चटई घालतात. ब्रेकवर पाय जपून ठेवणारा ड्रायव्हर हाहि त्या पथकांतील एक महत्त्वाचा गडी आहे.

आतां एका अशा गोष्टीकडे येतों जी घरच्या कुत्र्यास लागू नाहीं, परंतु पोलिसी कुत्र्याच्या बाबतींत जिला फार महत्त्व आहे. ती म्हणजे पिंजऱ्याचा वास. पिंजरा धुवावा, जंतुरहित करावा हें ठीक. परंतु धुतल्यावर त्यास उग्र औषधाचा दर्प येत राहिला, किंवा शेजारीं पेट्रोलचा डबा ठेवला, किंवा गार्डाच्या डब्यांत माशांच्या टोपल्यांजवळ त्यास बसविलें, तर कित्येक तास त्या नाकावर एकाच वासाचा मारा होत राहतो. याहूनहि सूक्ष्म गोष्ट अशी. कुत्र्यास शिकविण्यासाठीं स्फोटक द्रव्याचे नमुने पथकाजवळ असतात. ते नमुने आणि कुत्रा एकाच गाडींत जवळजवळ ठेवूं नयेत. त्यांत स्फोटाचें भय तर आहेच. पण त्यावांचूनहि दुसरें कारण आहे. या कुत्र्याचें सगळें शिक्षण एका करारावर उभें असतें: हा वास सांपडला कीं खूण करावी, आणि खूण केली कीं चेंडू खेळावयास मिळतो. गाडींत तीन तास तोच वास येत राहिला, खूण करूनहि कोणीं पाहिलें नाहीं, चेंडू मिळाला नाहीं, असें वारंवार घडलें म्हणजे तो वास त्याच्या लेखीं निरर्थक होऊं लागतो. ज्या वासावर शेंकडों लोकांचा जीव अवलंबून, तो त्यास ओळखीचा पण बिनमहत्त्वाचा वाटूं लागला तर काय होईल?

विमानाचे नियम सविस्तर आहेत. त्यांतील पिंजऱ्याच्या मापाचा तेवढा सांगतों, कारण त्यांत अंकगणित आहे. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें चार मापें ठरविलीं आहेत: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांपाशींची रुंदी, आणि उभें राहिलें असतां डोक्याच्या किंवा कानांच्या टोंकापर्यंतची उंची. पहिल्या मापांत दुसऱ्याची निमपट मिळविली कीं पिंजऱ्याची लांबी, तिसऱ्याची दुप्पट ती रुंदी, आणि चौथें माप व अंथरुणाची जाडी मिळून उंची. समजा, कुत्रा ९० सेंटिमीटर लांब, कोपर ३० वर, खांदे २५ रुंद, कान ७० वर. तर पिंजरा १०५ लांब, ५० रुंद आणि ७० हून किंचित् अधिक उंच पाहिजे. अर्थ एवढाच कीं त्यास आंत नीट उभें राहतां यावें, वळतां यावें व पाय पसरून निजतां यावें. आपल्या १९७८ च्या नियमांप्रमाणें परदेशच्या विमानप्रवासांत हवेचा दाब व उष्णता नियंत्रित असलेल्या भागांतच कुत्र्यास ठेवावें लागतें.

अशा प्रवासाचें फळ काय, तें फेब्रुवारी २०२३ मध्यें दिसलें. ६ तारखेस तुर्कस्तानांत भयंकर भूकंप झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं भारतीय वायुदलाच्या मोठ्या विमानानें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचीं माणसें व कुत्रे तेथें पोहोंचले. हे कुत्रे स्फोटकें शोधणारे नव्हेत, ढिगाऱ्याखालचीं जिवंत माणसें शोधणारे. पण प्रवासाचें शास्त्र एकच. एका दिवसांत हजारों मैल, आणि उतरतांच गोठविणारी थंडी. नुर्दागी या गांवीं ज्युली नांवाच्या कुत्रीनें एका ढिगाऱ्यापाशीं भुंकून खूण केली. रोमिओ नांवाच्या दुसऱ्या कुत्र्यास आणून खात्री केली, आणि खालून सहा वर्षांची एक मुलगी जिवंत निघाली. विमानांतून उतरलेल्या ज्युलीचें नाक त्या दिवशीं शिणलेलें असतें तर, हा विचार मनांतून जात नाहीं.

एवढा वेळ आपण कामावर जाणाऱ्या कुत्र्याविषयीं बोललों. काम संपल्यावर त्यास घरीं कोणीं आणावयाचें? व्हिएटनामच्या युद्धांत अमेरिकेच्या सैन्याबरोबर चार हजारांच्या आसपास कुत्रे होते. त्यांतले मायदेशीं परत आले ते सुमारें दोनशें. उरलेल्यांपैकीं कांहीं लढाईंत व रोगानें मेले. बाकीचे तेथेंच सोडले गेले किंवा मारले गेले, कारण सरकारच्या दप्तरीं त्यांची गणना सामानांत होती, आणि युद्ध संपल्यावर जुनें सामान कोण परत आणतो? ज्या शिपायांचे प्राण त्या कुत्र्यांनीं वांचविले होते, त्यांनीं हें कधीं विसरूं दिलें नाहीं. निवृत्त कुत्र्यांस घरीं नेण्याची परवानगी देणारा कायदा २००० सालीं झाला. तथापि परदेशांत निवृत्त झालेल्या कुत्र्यास सरकारी खर्चानें मायदेशीं आणण्याविषयीं कायद्यांत ‘आणतां येईल’ अशा अर्थाचा शब्द होता. २०१५ च्या नोव्हेंबरांत तो बदलून ‘आणलेंच पाहिजे’ अशा अर्थाचा करण्यांत आला. व्याकरणाच्या तासास विध्यर्थ कशाला शिकावयाचा असें विचारणाऱ्या मुलांसाठीं हें उदाहरण मीं जपून ठेवलें आहे. क्रियापदाचें एक रूप बदललें, आणि कित्येक कुत्र्यांचा परतीचा प्रवास निश्चित झाला.

आपल्या रेल्वेंत आजहि प्रवाशाच्या कुत्र्यास दोनच जागा आहेत: पहिल्या वर्गांतील स्वतंत्र आरक्षित खोलींत मालकाबरोबर, नाहींतर गार्डाच्या डब्यांतील पेटींत. भाडें सामानाच्या दरानें, किलोग्रामांवर. कुत्रा जिवंत, पावती सामानाची. असें असतां २०२५ सालीं मेरू नांवाचा लष्करांतील माग काढणारा कुत्रा निवृत्त होऊन मेरठला निघाला, तेव्हां तो वातानुकूलित पहिल्या वर्गानें गेला. बर्थवर अंग टाकून निजलेल्या मेरूचें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. पुढें कामावर उतरावयाचें नव्हतें, हुंगावयाचें नव्हतें; तरी त्याच्या हँडलरनें उठून उठून त्यास पाणी पाजलें असेल अशी माझी खात्री आहे. त्या लोकांच्या हाताची ती संवयच असते.

यंदाच्या संमेलनासहि श्वानपथक येणार आहे. गाडी उभी राहतांच कांचेवर टिचक्या मारूं नयेत, बिस्किटें टाकूं नयेत, आणि कुत्री सावलींत बसली असतां तिच्याभोंवतीं कोंडाळें करूं नये, एवढें मुलांस सांगून ठेवलें आहे. निंबाखालची जागा त्या दिवशीं सायकलींसाठीं मिळणार नाहीं. पालकांच्या खुर्च्या या खेपेस मंडपाबाहेर पूर्वेच्या व्हरांड्यांत, सावलींत मांडावयाच्या आहेत. आणि सकाळीं विहिरीच्या थंड पाण्याची एक बादली झांकून निंबाखालीं ठेवण्याचें काम स्काउटच्या मुलांनीं आपण होऊन मागून घेतलें आहे.